नगरसेविकाताई, पाळणाघराची फाइल कुठल्या टेबलावर आहे?

माननीय नगरसेविका,
स. न. वि. वि.

निवडून आल्याबद्दल अभिनंदन. ७ मार्च २०२२ला आधीच्या महापालिकेची मुदत संपली. तेव्हापासून जवळजवळ चार वर्षे मुंबईवर प्रशासक होते आणि विभाग कार्यालयातल्या कुठल्याही खिडकीवर ‘सध्या नगरसेवक नाहीत’ हे उत्तर तयार असे. ते उत्तर आता संपले.

यंदा मतदान १५ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आले. वाण लुटायला आमची हरकत नाही, स्टीलचा डबा घरात कामालाच येतो. पण ‘महिलांसाठी काय करणार’ असे विचारले की प्रत्येक पक्षाकडून वाण, शिवणयंत्र आणि सक्षमीकरण हीच तीन उत्तरे येतात. म्हणून प्रश्नच बारीक करून विचारायचे ठरवले. आमच्यात घरकाम करणाऱ्या आहेत, दुकानांत आणि इस्पितळांत पाळीवर जाणाऱ्या आहेत, बालवाडी चालवणाऱ्या, कामगार संघटनेचे कागद सांभाळणारे, महापालिकेतून निवृत्त झालेले कारकूनही आहेत. निवेदनावर ‘पोच’चा शिक्का मारून ते फाइलीला कसे लावतात, हे या मंडळींना चांगले ठाऊक आहे. तेव्हा उत्तरात तारीख, आकडा किंवा फाइल क्रमांक बसेल असेच विचारतो.

सगळ्यांत मोठा प्रश्न पाळणाघराचा. आपल्या प्रभागात महापालिकेचे, दिवसभर चालणारे, दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेणारे एक तरी पाळणाघर आहे का? अंगणवाडीकडे बोट दाखवू नका. अंगणवाडी राज्याच्या महिला व बालविकास विभागाची. तीन ते सहा वर्षांची मुले तिथे रोज काही तास बसतात, त्याहून लहान मुलाला तिथून आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. महापालिकेची बालवाडीही अर्ध्या दिवसाची. दुपारी साडेबाराला सुटणारे मूल आणि रात्री साडेआठला घरी पोहोचणारी आई यांच्यामध्ये आठ तास उरतात. ते आज सासू भरून काढते, शेजारीण पैसे घेऊन भरून काढते, नाहीतर दहा-बारा वर्षांची मोठी बहीण, आणि मग तिची शाळेतली हजेरी पडते.

कायद्यात पाळणाघर आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने आणि महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही ते बंधनकारक केले, पण ५० किंवा अधिक माणसे असतील तिथेच. परळच्या दवाखान्यात, दादरच्या साडीच्या दुकानात, मालाडच्या पार्लरमध्ये आठ-दहा माणसे असतात. घरकामात तर मालकीण एक आणि बाई एक. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांतला कामाचा दिवस ९ तासांवरून १० तासांवर न्यायला आणि हा कायदा १०ऐवजी २० कामगारांपासून लावायला मंजुरी दिली. गोवंडीहून अंधेरीला जाण्या-येण्याचा वेळ त्या दहा तासांत धरलेला नाही. दिवस लांबवण्याचा निर्णय मंत्रालयात झाला, पण त्या दिवसभर मूल तुमच्या प्रभागात असते.

‘जागा नाही’ हे उत्तर येणार, म्हणून जागेचेच आधी बघू.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बालवाडीची आणि समाजकल्याण केंद्राची खोली बांधून देणे विकासकावर बंधनकारक असते. आपल्याकडच्या पुनर्वसन इमारतींत या खोल्या नकाशावर आहेत. प्रत्यक्षात काहींना कुलूप, काहींत सोसायटीच्या खुर्च्या आणि गणपतीचे मखर, एखाद्या ठिकाणी चक्क पक्षाचे कार्यालय. (कुठल्या पक्षाचे ते तुम्हीच जाऊन बघा, आम्ही लिहिले तर पत्राचा विषयच बदलेल.) झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या वांद्रे पूर्वेच्या कार्यालयातून प्रत्येक योजनेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागवा, खोलीचा क्रमांक उतरवून घ्या आणि विभाग कार्यालयाच्या माणसाला सोबत घेऊन त्या दारात उभ्या राहा. माहिती अधिकारात हेच कागद आम्ही १० रुपयांत मागू शकतो, फक्त ३० दिवस थांबून. तुम्हाला ते एका पत्रावर मिळायला हवेत.

दुसरी जागा विकास आराखड्यात आहे. २०३४च्या आराखड्यात ‘आधार केंद्र व कौशल्य विकास केंद्र’ (आधार कार्डाचे नव्हे), नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास अशी आरक्षणे नावानिशी आहेत. आराखडा १ सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. आता महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचे कलम १२७ बघा. दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. दहा वर्षे १ सप्टेंबर २०२८ला भरतात, म्हणजे तुमच्याच मुदतीत. प्रभागातल्या अशा प्रत्येक भूखंडाचा डीपी रिमार्क, म्हणजे त्यावर आराखड्यात कुठले आरक्षण आहे हे सांगणारा पालिकेचा दाखला, तुम्ही काढला आहे का? कुठल्या भूखंडाचा मालक खासगी आहे आणि कुठली जागा पालिकेचीच असून पडून आहे?

खासगी मालकाने बांधकाम हक्काच्या बदल्यात सुविधेची जागा बांधून पालिकेला दिली की काम झाले, असे मात्र समजू नका. खरी रखडपट्टी तिथून सुरू होते. इमारत प्रस्ताव विभाग म्हणतो, जागा सुपूर्द झाली. मालमत्ता विभाग म्हणतो, वापरणाऱ्या खात्याची मागणी आली नाही. नियोजन विभाग म्हणतो, चालवायला संस्था नाही. मग वीजमीटर कोणाच्या नावावर यावर काही महिने, पाण्याची जोडणी कुठल्या दराने यावर आणखी काही. फाइल या टेबलांमध्ये हरवते, आणि ती शोधून पुढे ढकलायला लागणारा अधिकार मतदाराकडे नाही, तुमच्याकडे आहे.

खोली मिळाली असे धरू. २५ मुलांना दर मुलामागे १२ चौरस फूट धरले तर खेळायला-झोपायला ३०० चौरस फूट लागतात. ओटा, लहान उंचीचे दोन संडास आणि सामानाची जागा मिळून साडेचारशे. तळमजलाच हवा, कारण आग लागली तर दोन-तीन बायका दहा तान्ही-रांगती मुले जिन्यावरून उतरवू शकत नाहीत. स्वयंपाकाच्या जागेला अर्धे दार, सिलिंडर भिंतीपलीकडे, खिडक्यांना अरुंद गज, पण एक खिडकी आतून उघडणारी. मूल न्यायला कोण येणार त्यांचे फोटो नोंदवहीत चिकटवलेले. ‘मी काका’ म्हणणाऱ्याच्या हातात मूल द्यायचे नाही. लसीकरणाचे कार्ड पहिल्याच दिवशी बघायचे. तापाचे मूल घ्यायचे नाही हा नियम लिहायला सोपा आहे, पण त्या दिवशी आईचा खाडा होतो आणि रोजंदारी बुडते. म्हणून ताप लपवून, औषध पाजून मूल सोडून जाण्याचे प्रकार होतात. त्यावर उपाय एकच, जवळच्या महापालिका दवाखान्याशी आधीच बोलणे करून ठेवायचे आणि दोन गाद्यांचा वेगळा कोपरा ठेवायचा.

वेळ सकाळी ८ ते रात्री ८. सरकारी योजना इथेच कोलमडतात. केंद्राच्या जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस धरले होते. मुंबईत साडेसात तासांत पूर्ण वेळ नोकरी आणि जाणे-येणे बसत नाही. बारा तास म्हणजे दोन पाळ्या. त्या योजनेत तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक आणि त्यावरच्या २० मुलांमागे एक सेविका असे प्रमाण होते. दहा लहान आणि पंधरा मोठी मुले धरली तर एका पाळीला दोन सेविका, एक मदतनीस. दोन्ही पाळ्या मिळून सहा जणी, प्रत्येकी १८,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,०८,०००. दोन वेळचे खाणे मुलामागे ६० रुपये धरून २६ दिवसांचे ३९,०००. वीज, गॅस, साबण, फिनेल, औषधपेटी यांना १०,०००. एकूण १,५७,०००. पालकांकडून १,५०० रुपये घेतले तर ३७,५०० येतात. महापालिकेने घालायचे राहिले महिन्याला १,१९,५००, वर्षाला १४ लाख ३४ हजार. २२७ प्रभागांत एकेक पाळणाघर काढले तरी वर्षाला साडेबत्तीस कोटींच्या आसपास. महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. शंभर रुपयांतले साडेचार पैसेही होत नाहीत. हा हिशेब आमचा आहे. त्यात खोट असेल तर लेखा विभागाकडून दुरुस्त करून द्या, पण ‘निधी नाही’ हे उत्तर आकड्याशिवाय देऊ नका.

चालू झालेले पाळणाघर बंद का पडते, तेही लिहून ठेवतो. सेविकांना पगाराऐवजी ‘मानधन’ असते आणि ते तीन-चार महिन्यांनी येते, म्हणून शिकलेली सेविका खासगी शाळेत निघून जाते. संस्थेचे कंत्राट अकरा महिन्यांचे असते आणि नवी निविदा वेळेत निघत नाही. मधल्या महिन्यांत आया दुसरी सोय शोधतात, मुले पांगतात, मग ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून खोली व्यायामशाळेला दिली जाते. तेव्हा निविदा किमान तीन वर्षांची, आणि मुदत संपण्याआधी सहा महिने पुढची काढायची, ही अट आधी घालून घ्या.

आणखी एक. पाळणाघराचा ठराव ‘महिलांसाठी’ म्हणून मांडू नका, ‘काम करणाऱ्या पालकांसाठी’ असे लिहा. केंद्राच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे निघाले, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. कागदावरही ते काम बाईच्याच नावावर चढवले, तर मुलाला आणायला बाप गेला की ‘आई कुठे आहे’ असेच विचारले जाणार.

शिवणयंत्रांबद्दल थोडेच. महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून शिवणयंत्रे, घरघंट्या आणि मसाला कांडप यंत्रे दिली जातात. दहा बाय पंधराच्या खोलीत घरघंटी लावली की आवाजावरून शेजाऱ्यांशी भांडण, पिठाची धूळ घरभर, आणि गल्लीच्या तोंडाशी गिरणी असल्यामुळे दळण येत नाही. शिवणयंत्रावर नगावर मिळणाऱ्या कामाचा दर दलाल ठरवतो. वाटलेल्या यंत्रांपैकी वर्षभराने किती चालू होती, याची पाहणी आपल्या विभागात कधी झाली आहे का? झाली असेल तर अहवाल द्या. नसेल तर पुढचे वाटप करण्याआधी ती करून घ्या. वाटपाच्या फोटोत यंत्र नवे असते, त्यामुळे फोटो पाठवू नका.

आता महापालिका स्वतः मालक आहे तिथली गोष्ट. सफाई, मलेरियाची फवारणी, इस्पितळातली आयाची कामे यांत कंत्राटावर बायका आहेत. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झाले की बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा, हा हक्क कायद्याने कायम आणि कंत्राटी असा भेद न करता दिला आहे. हजेरीपटावरच्या रोजंदारी बायकांनाही तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितले. मग तो मिळत का नाही? कंत्राटदार बदलला की हजेरी शून्यापासून मोजली जाते. कधी हजेरीपत्रकावर ‘कामगार’ऐवजी ‘स्वयंसेवक’ लिहिलेले असते. आणि पूर्ण २६ आठवड्यांचा पगार मालकाच्या खिशातून जायचा असल्यामुळे पोट दिसू लागले की बाईला ‘घरी बस’ सांगणे स्वस्त पडते. राज्य कामगार विम्यात पैसे विमा महामंडळ देते, पण त्यासाठी पगार महिना २१,०००च्या आत हवा आणि वर्गणी प्रत्यक्ष भरलेली हवी. वर्गणी कापली जाते आणि भरलीच जात नाही, हा जुना रोग. आपल्या विभागातल्या प्रत्येक कंत्राटदाराच्या बिलाला विमा वर्गणीचे चलन आणि कामगारांची नावनिशीवार यादी जोडल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये, एवढे तरी कराल का? नवा कायदा लागत नाही, बिल तपासणाऱ्याला लेखी आदेश पुरतो.

शौचालयांबाबत प्रश्न छोटा आहे आणि उत्तर पायी फिरून मिळेल. स्वच्छ भारतच्या निकषात वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक शौचकूप धरले आहे. आपल्या प्रभागातल्या प्रत्येक शौचालयात बायकांच्या बाजूला किती कूप आहेत, त्यांतले किती चालू आहेत? दाराला आतून कडी आहे का? नळ आहे का, की बाहेरून बादली भरून न्यायची? पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का? तो नसला की पॅड कुपात जातात, मैल्याची नळी तुंबते, दोन कूप बंद पडतात आणि रांग दुप्पट होते. रात्री दार किती वाजता बंद होते आणि दिवा कोणाच्या मीटरवर आहे? पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हे कुठे चालू असेल तर ते ठिकाण आम्ही दाखवायला येतो.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचे एक कलम नगरसेवकांच्या फारसे लक्षात येत नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुंबईत जिल्हे दोन, शहर आणि उपनगर, म्हणून समित्याही दोन. घरकाम करणाऱ्या बाईने फोर्टला किंवा वांद्र्याला खेटे घालावेत अशी अपेक्षा कायद्याने ठेवलेली नाही. शहरी भागात प्रत्येक वॉर्डासाठी नोडल अधिकारी नेमायचा आणि त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची, असे कलम ६ मध्ये आहे. आपल्या वॉर्डाचा नोडल अधिकारी कोण? त्यांचे नाव, खोली क्रमांक आणि बसण्याची वेळ विभाग कार्यालयाच्या पाटीवर का नाही? तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. अर्जाच्या सहा प्रती लागतात. पाटीवर हेही लिहा. सहाऐवजी दोन प्रती नेल्या म्हणून परत पाठवलेली बाई बहुधा पुन्हा येत नाही.

घरातल्या मारहाणीबाबत महापालिकेची चांगली गोष्ट आहे, ती जपा. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेले ‘दिलासा’ केंद्र पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेले. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईला अपघात विभागातली परिचारिका समुपदेशकाकडे नेऊ शकते, हीच त्याची ताकद. आपल्या भागाला जवळच्या रुग्णालयातल्या केंद्रात समुपदेशक किती आहेत, आणि संध्याकाळी व रविवारी तिथे कोण असते?

बेस्टचे किमान भाडे ९ मे २०२५ला ५ रुपयांवरून १० झाले. दिवसातून दोन फेऱ्या, २६ दिवस, म्हणजे महिन्याला २६० रुपये जास्त. लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांतून ते वजा करून बघा. एसटीत १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. बेस्टच्या सवलतीबद्दल तुमची भूमिका काय, आणि ती सभागृहात कधी मांडणार? लाडकी बहीण योजना राज्याची आहे, पण तिच्या बॅनरवर स्थानिक चेहरेही असतात, म्हणून विचारतो: ई-केवायसीत पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले, तेव्हा नवऱ्याने टाकलेल्या आणि वडील नसलेल्या बायकांचे काय झाले? अशा किती जणींचे हप्ते आपल्या प्रभागात थांबले, याची यादी अंगणवाडी सेविकांकडून मागवता येईल.

याच महापालिकेत १९६१ला मृणालताई गोरे निवडून आल्या होत्या. हंड्याचा प्रश्न त्यांनी सभागृहापर्यंत नेला आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळवले. निम्म्या जागा आज बायकांच्या आहेत, तेव्हा पाळणाघराचा विषय सभागृहात नेणे तुम्हाला त्यांच्याहून सोपे जावे. ठरावाची सूचना द्या. ती मंजूर झाली की आयुक्तांच्या अभिप्रायाला जाते आणि बहुतेक सूचना तिथेच झोपतात, म्हणून सूचनेचा क्रमांक आणि अभिप्रायाला पाठवल्याची तारीख आम्हाला कळवा, पाठपुरावा आम्हीही करू.

उत्तर लेखी हवे, तुमच्या सहीचे. कार्यालयात फोन केला की ‘साहेबांशी बोला’ म्हणून तुमच्या यजमानांकडे दिला जातो. त्यांच्याशी आमचे वैर नाही, मत मात्र तुम्हाला दिले आहे. जो विषय तुमच्या अखत्यारीत नसेल तिथे तो कोणाच्या अखत्यारीत आहे, त्या अधिकाऱ्याचे पद आणि तुम्ही त्यांना पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक लिहा. पुनर्वसन इमारतींतल्या बालवाडीच्या खोल्यांची यादी आधी पाठवली तरी चालेल, बाकीचे मागून आले तरी हरकत नाही. त्या खोल्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे यादीत लिहायला विसरू नका.

आपले,
प्रभागातील मतदार